आधी चोर कोण ते सांगा!

ग्रंथपाल बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक. नाव आठवत असतं तर भर उन्हात आग्रा रोड तुडवत कशाला आलो असतो? बाकी सगळं आठवतं हो! आडवं, पातळ पुस्तक. पानभर चित्र, खाली चार ओळींची हकीकत. चित्रातला पुरावा आपण हुडकायचा आणि उत्तर शेवटच्या पानावर उलटं छापलेलं.

बाई काही बोलणार, तोच वर्तमानपत्राच्या टेबलावरून एक आबा गरजले. (वाचनालयाच्या पेपरातलं शब्दकोडं हे पेनाने सोडवतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही.)

"काय शोधी राह्यना भाऊ?"

सांगितलं. बंगल्यात चोरी होते, खिडकी फुटलेली, पण काचा अंगणात. म्हणजे काच आतून फोडलेली, चोर घरातलाच.

"मंग चोर कोन व्हता?"

"ते नाही आठवत, आबा. मला पुस्तक हवंय."

"घरमा कोन कोन व्हतं?"

"मालक, मालकीण, भाचा, स्वयंपाकी."

"भाचाच शे!" आबांनी पेन आपटलं. "मना भाचा बी मनी पानीनी मोटार लई गया. आजून परत नही दिन्ही!"

मोटारीची कथा साडेसात हॉर्सपॉवरपासून सुरू झाली. स्पर्धा परीक्षेवाला एक मुलगा मान वर न करता म्हणाला, "काका, मालकाने विमा काढलेला होता का?" आणि इतका वेळ गप्प असलेल्या बाई म्हणाल्या, "स्वयंपाकी नसणार. त्याने काचा आधी झाडून घेतल्या असत्या."

माझी चिठ्ठी कोरीच.

कॅप्टन ब्रिग्जने 1819 मध्ये आमचं धुळं आखलं. इथे गल्ल्यांनाही नंबर आहेत, वेंधळा माणूससुद्धा घर चुकत नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे कागद याच गावात 1927 पासून जपलेत, आणि ते जपायलाच हवेत. पण पोरांचं पुस्तक? फाटलं, रेघोट्या ओढल्या, की निर्लेखित, म्हणजे नोंदवहीतून बाद. मग रद्दी, किलोवर. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची असते. तिथे असेलही माझं पुस्तक. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार, नाव काय? पोरं चित्रं लक्षात ठेवतात, नावं नाही, हे एकाही यादी करणाऱ्याला सुचू नये?

"पन उत्तर ते मांघे छापेल व्हतं ना?" आबांनी मला सोडलं नव्हतं.

"ते पान फाटलेलं होतं."

"कोनी फाडं?"

"पुस्तक आमच्या घरी आलं तेव्हा कोरं करकरीत होतं. नंतर कधीतरी..."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला, टेबलाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "म्हंजे चोर घरनाच शे!"

बाईसुद्धा हसल्या.