रफार, छरे आणि नवसागर

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या दुकानांवर दर महिन्याला एक तरी पोस्ट फिरते. साचा ठरलेला: कुठली तरी मिसळ, कुठल्या तरी बेकरीचा वास, गल्ल्यावरच्या काकांचा तिरसटपणा आणि शेवटी ‘गेले ते दिवस’. वाचायला बरं वाटतं. पण खाण्याची दुकानं तशी कधी जात नाहीत. एक बंद पडलं की त्याच फूटपाथवर दुसरं उभं राहतं. खरोखर गेले ते जुळणीचे आणि दुरुस्तीचे धंदे. त्यांच्यावर कोणी लिहीत नाही, कारण तिथे खायला काही मिळत नसे.

आधी छापखाने घेऊ. नारायण, सदाशिव, शनिवार या पेठांत खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे, लहान छापखाने गल्लोगल्ली होते. दोन खोल्या, पुढच्या खोलीत ट्रेडल हे लहान छपाईयंत्र, मागच्या खोलीत तिरक्या घोडीवर लावलेल्या खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणाखणांच्या पेट्या. इंग्रजीचं काम शंभर-दीडशे खणांत भागतं, देवनागरीला कित्येक पट खण लागतात. जोडाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, रकार वेगळा. डिग्री पद्धतीत तर एक ओळ तीन मजल्यांत उभी राहायची: मधे अक्षरं, वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केली ती लिपीच्या हौसेपोटी नव्हे. रोजचा छापखाना चालवणाऱ्याची ती गरज होती.

जुळारी डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लहान पट्टी, धरून उजव्या हाताने खिळे उचलायचा. अक्षर उलटं असतं, ओळ मात्र डावीकडून उजवीकडेच लागते, म्हणून तो मजकूर डोक्यावर उभा असल्यासारखा वाचायचा. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सरळ आहे की उलटा हे न बघता कळतं. ओळ भरली की उरलेली जागा शब्दांमधल्या स्पेसनी घट्ट करायची. इथे आळस केला की पुढे हमखास घोटाळा: ओळ ढिली राहते, शाईचा चिकट रूळ वरून फिरताना एखादा खिळा उपसून काढतो आणि तो दाबात सापडला तर शेजारच्या चार अक्षरांचा चेंदा होतो. म्हणून फर्मा, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची चौकट, आवळल्यावर एक बाजू किंचित उचलून वरून बोटांनी दाबून बघायचं. काही हललं नाही तरच तो मशीनवर चढायचा.

ट्रेडलचं तोंड उघडलं की उजव्या हाताने कोरा कागद आत आणि डाव्या हाताने छापलेला बाहेर. वरची शाईची तबकडी प्रत्येक फेरीला थोडी फिरते, म्हणजे शाई सगळ्या रुळांवर सारखी बसते. सरावलेला हात तासाला हजाराच्या आसपास कागद काढायचा. बोटांचं काय व्हायचं ते विचारू नका. ज्या छापखान्यात एका तरी माणसाचं एक पेर गेलेलं नाही असा छापखाना विरळा. वर शिशाची धूळ. खिळ्याचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील, आणि त्याच हातांनी डबा उघडला जायचा. ‘काय ते छापखान्यातले दिवस’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

घरात जुनी लग्नपत्रिका असेल तर बाहेर काढा. शिरोरेषेत अक्षराअक्षरांमध्ये बारीक फटी दिसतील. प्रत्येक खिळ्यावर त्याच्यापुरता रेषेचा तुकडा असतो. कडा झिजल्या की तुकडे एकमेकांना भिडत नाहीत. पांढऱ्या फटी जास्त तर खिळे जुने. दुसरी खूण म्हणजे रफार. रफाराचं आणि काही मात्रांचं टोक खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतं, खाली आधार नसतो, दाब पडला की आधी तेच मोडतं. ‘वर्ष’चं ‘वष’ झालेलं दिसलं तर मुद्रितशोधकाला शिव्या घालू नका, प्रूफ बरोबर असूनही ते मशीनवर मोडलेलं असू शकतं. तिसरी खूण हाताला लागते. कागद उलटा करून बोट फिरवा. अक्षरं पाठीवर उमटली असतील तर दाब जास्त होता. चांगला मशीनमन झिजलेल्या खिळ्यामागे पातळ कागदाचे कपटे चिकटवून उंची सारखी करायचा. कंटाळा करणारा सरसकट दाब वाढवायचा आणि खिळे आणखी झिजवायचा.

पुस्तकाचं काम असेल तर आठ किंवा सोळा पानं जुळवायची, छापायची, खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे आणि मग पुढची पानं. सगळं पुस्तक एकदम जुळवून ठेवायला ‘आ’चे काने कोणाकडे पुरणार? छापून झाल्यावर चूक सापडली तर ते पान मोडलेलं असायचं. शुद्धिपत्र हा प्रकार त्यातूनच आला. खिळे परत टाकताना एक जरी चुकीच्या खणात पडला तरी पुढच्या कामात तो नको तिथे उगवायचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या अदलाबदलीतून झालेले विनोद जुन्या पुस्तकांत भरपूर सापडतात.

हे सगळं संपवलं ते संगणकावरच्या जुळणीने आणि ऑफसेटने. गंमत अशी की मराठी डीटीपीचं, म्हणजे त्या संगणकी जुळणीचं, श्रीलिपी सॉफ्टवेअर पुण्यातल्याच कंपनीचं आणि सी-डॅक ही सरकारी संगणक संस्थाही 1988 साली पुण्यातच उभी राहिली. ज्या गावात ‘केसरी’ 1881 पासून खिळ्यांवर निघाला, त्याच गावाने खिळ्यांवर शेवटची माती टाकली. पुढे केसेसचे खण दागिने ठेवायला गेले आणि खिळे किलोच्या भावाने भंगारात.

आता सायकली. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात तासावर सायकल देणारी दुकानं नाक्यानाक्यावर होती. मडगार्डवर रंगाने घातलेला नंबर, वहीत नाव आणि वेळ, ओळखीचा असेल तर अनामत नाही. भाड्यावर फार कमाई नव्हती. खरं काम ओव्हरऑयलिंगचं. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण ग्रीस-तेलाचंच काम असल्याने आपला शब्द जास्त बरोबर आहे. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला गाभा, उघडला की पाव इंची छरे, म्हणजे पोलादी गोळ्या, एका बाजूला नऊ. पुढच्या चाकात तीन-सोळांशी, एका बाजूला दहा. छरे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीसच्या लादीत एकेक बसवायचे आणि छरे दाबून धरणारा कोन आवळायचा. पूर्ण आवळून पाव फेरा मागे. जास्त आवळला तर चाक जड फिरतं आणि कोनाला खड्डे पडतात, ढिला राहिला तर चाक डुगडुगतं. जुना एकच छरा बदलून बाकीचे तसेच ठेवणं ही सगळ्यात वाईट काटकसर. नवा छरा केसभर मोठा असतो, सगळा भार त्याच्यावर येतो आणि महिनाभरात छरे बसतात ती वाटी खाल्ली जाते.

चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डुलणारी रिम सरळ करणं, ही त्यातली खरी कारागिरी. पुढे 32 तारा, मागे 40. चाक उलट्या सायकलीवर फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा. जिथे खडू लागेल तिथे रिम त्या बाजूला ओढली गेली आहे. मग समोरच्या बाजूची तार अर्धा फेरा आवळायची आणि लागलेल्या बाजूची तेवढीच सोडायची. नवशिक्या फक्त आवळत जातो आणि शेवटी चाक अंडाकृती करून ठेवतो. पंक्चरवाले अजून आहेत, पण सोल्युशन लावून ते किंचित सुकू देण्याएवढा धीर आता थोड्यांकडे उरलाय. ओल्यावर ठिगळ दाबलं की ते उन्हात सुटणारच.

पिंजारी आणि फोटो स्टुडिओ यांच्याबद्दल थोडक्यात. गादीतला कापूस वर्षा-दोन वर्षांनी दबून गठ्ठे होतात, पिंजला की पुन्हा फुलतो. फोमची गादी दबली की दबली, ती फेकावीच लागते. आणि स्टुडिओवाले काका तुम्हाला गोरं करायचे ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून. निगेटिव्हवर जे काळं तेच फोटोत उजळ.

ही दुकानं गिऱ्हाइकांच्या जिव्हाळ्यावर चालली असा एक गोड समज आहे. ती चालली गोठलेल्या भाड्यावर. 1947 च्या भाडे कायद्याने वाड्याच्या दर्शनी खोल्या वर्षानुवर्षं किरकोळ भाड्यात राहिल्या. त्या भाड्यात छरे बदलून पोट भरता येत होतं. त्याची किंमत वाडामालकाने मोजली, वाडा गळत राहिला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले आणि उरलेल्यांपैकी बहुतेक पुढे बिल्डरकडे. नव्या इमारतीत दुकानदाराला गाळा मिळालाही, पण त्या गाळ्यात पंक्चर काढण्यापेक्षा तो मोबाइलवाल्याला भाड्याने देणं शहाणपणाचं होतं. त्यात कोणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

एका धंद्याचं मात्र वाईट वाटतं, कारण तो गेला आणि आता त्याची पुन्हा गरज पडतेय. कल्हईवाला, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर चढवणारा. तांब्या-पितळेची भांडी परत फॅशनमध्ये आलीत. लोक हौसेने पितळी कढई घेतात, त्यात आमसूल घालून आमटी करतात आणि मग चव विचित्र लागली म्हणून मसाला बदलतात. मसाल्याचा काही दोष नाही, आमटी कळकली. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की धातू त्यात उतरतो. ताक, कढी, चिंच, टोमॅटो, लिंबू यातलं काहीही बिनकल्हईच्या भांड्यात चालत नाही. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठीक, लिंबूपाणी नाही.

कल्हईची पद्धत दिसायला सोपी. जमिनीत खड्ड्याची भट्टी, कोळसा, हाताने फिरवायचा भाता. भांडं आधी घासून लख्ख करायचं, काळा ठिपका राहिला तर तिथे कल्हई धरणार नाही. मग तापवायचं, नवसागर या क्षाराची पूड टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि धातूवरचा गंज निघतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं. कापसाच्या बोळ्याने ते झरझर सगळीकडे फिरवायचं आणि भांडं गार पाण्यात. चुकायला जागा दोनच, पण दोन्ही महाग. भांडं कमी तापलं तर कथलाच्या गुठळ्या राहतात. जास्त तापलं तर कल्हई पिवळट-निळसर पडते आणि लवकर उडते.

कल्हई करून देणारा मिळाला तर भांडं देण्याआधी कांडी हातात घ्या. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली तर कर्र असा बारीक आवाज येतो. मग ती कागदावर ओढा. शिशाची भेसळ जास्त असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. अशी कांडी परत द्या आणि भांडंही घरी आणा. शिसं पोटात जाण्यापेक्षा स्टीलचं पातेलं कधीही बरं. घरी आणल्यावर कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, त्यात कडक फोडणी करायची नाही आणि तारेच्या काथ्याने घासायचं नाही. तिन्हींत कल्हईच जाते.

तांबट आळीत कसब्यात अजून हातोडी वाजते. मठारलेलं भांडं ठोक्यांनी नुसतं सुंदर होत नाही, कडक होतं, पत्र्याला सहज पोचा पडत नाही. पण तिथला पाणी तापवायचा बंब आता बहुतेक हॉटेलांच्या दारात शोभेला जातो. वाड्यात अंगण होतं, राखेला जागा होती, पेठेत लाकडाची वखार होती. पावसाळ्यात वखारीतून ओलं लाकूड आलं की पाण्याचेही पैसे जायचे आणि बंब नुसता धुमसायचा, म्हणून शहाणी घरं मृगाच्या आत ढलप्या भरून ठेवायची. फ्लॅटच्या बाथरूममध्ये यातलं काही बसत नाही आणि बसवूही नका. बंद खोलीत निखारा पेटवून माणसं मरतात.

अंगण असेल आणि जुना बंब खरंच वापरायचा असेल, तर घेण्याआधी निखाऱ्यांच्या मधल्या नळ्यात हात घालून खाली जाळी आहे का ते बघा. शोभेचा म्हणून विकणाऱ्याने ती बहुधा काढून टाकलेली असते. मग बंब काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी तोटीखालचा कागद ओला असेल तर नुसता वायसर बदलून भागेल. नळ्याच्या खाली ओला असेल तर सांधा सुटलाय, तो झाळून, म्हणजे डाक लावून, घ्यायला लागेल. आणि पेटवाल तेव्हा आधी पाणी, मग काडी. उलटं केलं की झाळलेला सांधा पहिल्या दहा मिनिटांत वितळतो.