फेरियाली

इटलीतल्या रेल्वे संपाचे सगळे नियम मला पाठ होते, म्हणून तर राग जास्त आहे. काही माहीत नसलेला माणूस फसला की लोक हळहळतात. मी फसलो ते शेजारच्या बाकावरच्या मराठी कुटुंबाला सगळं व्यवस्थित समजावून सांगितल्यानंतर, आणि अवघ्या पाच मिनिटांत.

स्थळ पिसाचं मुख्य स्टेशन, वार रविवार, वेळ संध्याकाळचे सहा. फलकावर फ्लॉरेन्सच्या एकेका गाडीपुढे 'कांचेल्लातो', म्हणजे रद्द, उमटत होतं. "घाबरू नका," मी म्हणालो होतो, "सहा ते नऊ गाड्या सोडाव्याच लागतात. कायदा आहे."

कायदा खरंच आहे, 1990 चा, क्रमांक 146. अत्यावश्यक सेवेत संप करायचा तर किमान 10 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे इथले संप अचानक होत नाहीत. वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादीच असते: तारीख, विमान की रेल्वे की बस, देशभर की एकाच प्रांतात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. आपल्याकडे पंचांगात मुहूर्त छापतात तशी. विमानांच्या संपाला तर 27 जुलै ते 5 सप्टेंबर पूर्ण बंदी, म्हणजे यांचाही चातुर्मास आहे. 'शोपेरो', म्हणजे संप, हा शब्द शिकून जावा; 'ग्रात्सिये', म्हणजे धन्यवाद, विमानात शिकता येतो. यादी एकदा तिकीट काढताना बघायची आणि एकदा निघायच्या आदल्या दिवशी, कारण बरेच संप ऐनवेळी मागेही घेतले जातात.

रेल्वेचा संप बहुधा रात्री 9 ते दुसऱ्या रात्री 9 असा असतो. संप सुरू होतो त्या 9 च्या ठोक्याला गाडी वाटेत असेल आणि तासाभरात पोचणार असेल, तर शेवटपर्यंत नेतात. नाहीतर मधल्याच एखाद्या स्टेशनात उतरवू शकतात. त्यामुळे साडेआठची लांब पल्ल्याची गाडी पकडू नये, एवढं मी त्या कुटुंबालाही सांगितलं. त्यांना कुठेही लांब जायचं नव्हतं.

कुटुंबातले काका मुलीकडे आले होते. एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक. खिशात बॉलपेन, मांडीवर छोटी वही. वहीत पट्टीने रकाने पाडलेले: वेळ, कुठे, स्थिती. सतरा-बत्तीस, फ्लॉरेन्स, रद्द. कोणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता, पण डोळ्यांदेखत फेरी रद्द होतेय आणि नोंद नाही, हे त्यांना सहन होत नसावं.

"नोटीस दिली होती?" त्यांनी विचारलं.

"हो, दहा दिवस आधी."

"आणि संपणार कधी?"

"रात्री नऊला."

"ते आत्ताच ठरलंय?" पेन थांबलं. "मग मागण्या कोण मान्य करणार? अहो, आमचा एकवीस सालचा पाच महिन्यांच्या वर चालला. तरी विलीनीकरण राहिलंच."

"शिवाय वर्दळीच्या वेळी हमीच्या गाड्या सोडतात," मी उत्साहाने म्हणालो. "सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सहा ते नऊ."

"संप करून?"

"संप करून."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच संघटना फोडली. "साहेब, याला संप नाही म्हणत. ही साप्ताहिक सुट्टी झाली."

मग ते उठले आणि सुटणाऱ्या गाड्यांच्या पिवळ्या वेळापत्रकाकडे गेले. आयुष्यभर जे केलं ते करायला, तक्ता तपासायला. इटालियनचं एक अक्षर येत नाही. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले.

"हे दोन हातोडे कसले?"

"असेल काहीतरी. दुरुस्ती वगैरे."

"आणि इथं क्रॉस आहे." दोन मिनिटं शांतता. "हातोडा म्हणजे कामाचा दिवस. क्रॉस म्हणजे चर्चचा. आमच्या शाळेच्या फेऱ्यांपुढे आम्ही 'रविवारी बंद' लिहायचो, तसलंच दिसतंय. तुमच्या त्या हमीच्या गाड्या हातोड्याच्या की क्रॉसच्या?"

मी मोबाइल काढला. नियमात लिहिलं होतं, 'जोर्नी फेरियाली'. ते मी आधी वाचलं होतं, वाचलं नव्हतं असं नाही. 'फेरिए' म्हणजे सुट्टी हे मला ठाऊक, म्हणून 'फेरियाली' म्हणजे सुट्टीसकट, असा अर्थ मी लावला होता. प्रत्यक्षात फेरियाली म्हणजे कामाचे दिवस. सुट्टीचे ते 'फेस्तीवी'. प्रादेशिक गाड्यांची हमी फक्त फेरियालीला. लांब पल्ल्याच्या ठरावीक गाड्यांची यादी वेगळी असते, पण पिसा ते फ्लॉरेन्स या तासाभराच्या वाटेवर आपल्याला लागते ती प्रादेशिकच.

"साहेब," काका हळू आवाजात म्हणाले, "आज रविवार." त्या हळू आवाजाचाच मला जास्त राग आला.

तिकिटाचे नऊ-दहा युरो गेले ते वेगळंच. लांब पल्ल्याच्या तिकिटाचा पूर्ण परतावा गाडी सुटायच्या वेळेपर्यंत मागता येतो. प्रादेशिकचा मात्र संप सुरू व्हायच्या आत मागायचा. म्हणजे शनिवारी रात्री 9 च्या आत मी ओळखायचं, की रविवारी कुठली गाडी सुटणार नाही! ज्या गाडीची खात्री त्यांनाच नाही, तिच्याबद्दल मी आदल्या रात्री निर्णय घ्यायचा. हे ज्याने लिहिलं तो नक्की कधी गाडीने गेला नसणार. खाजगी बस बघितली, तर माझ्याहून हुशार लोक दुपारीच जागा घेऊन मोकळे झाले होते. टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून परत बाकावर आलो.

"नऊला संपेल ना," मी म्हणालो.

"संप संपेल. गाडी नाही सुटणार लगेच. डबे एका गावाला, ड्रायव्हर दुसऱ्या गावाला. आधी माणसं गोळा होतील, मग." या खेपेला मी वाद घातला नाही. मुलीने पोळीभाजीचा डबा उघडला. मला न विचारता एक पोळी दिली, तीही खाल्ली.

पहिली गाडी लागली तेव्हा दहा वाजत आले होते. काकांनी चढण्याआधी दिव्याखाली उभं राहून वहीत नोंद केली. मग पेन माझ्याकडे रोखून म्हणाले, "उशिराचं कारण काय लिहू?"

"संप," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'किरकोळ'.