पाकळ्या उकळल्या म्हणजे गुलाबजल होत नाही

‘पाकळ्या पाण्यात उकळून गाळा आणि बाटलीत भरा, हे गुलाबजल नैसर्गिक असल्यामुळे कोणाच्याही त्वचेला बाधत नाही, महिनोन्‌महिने टिकते, रंध्रे बंद करते, ओलावा देते आणि डोळ्यांतही घालता येते,’ असा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. पुष्पजल, म्हणजे गुलाबजलासारखे फुलांचे सुगंधी पाणी, मलाही आवडते, पण या सल्ल्यातले जवळजवळ प्रत्येक विधान दुरुस्त करावे लागेल.

मूळ चूक कृतीतच आहे. पाकळ्या उकळून मिळतो तो काढा. पुष्पजल मिळते ते ऊर्ध्वपातनाने, म्हणजे फुलांमधून गेलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केल्यावर. भांड्याच्या मधोमध वाटी ठेवून वर उलटे झाकण घातले आणि झाकणावर बर्फ ठेवला, की त्याच्या टोकावरून वाटीत पडणारा थेंब रंगहीन असतो, कारण फुलांचा रंग वाफेबरोबर वर चढत नाही. बाटलीतले पाणी गुलाबी दिसत असेल, तर तो काढा आहे किंवा त्यात रंग घातलेला आहे. गुलाबाच्या वासातला फिनाइल इथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून वाफेबरोबर आलेले फुलांचे सुगंधी तेल वेगळे काढल्यावरही त्या पाण्याला सुगंध राहतो.

टिकण्याचा दावाही येथेच कोसळतो. काढ्यात फुलांमधली साखर आणि इतर द्रव्ये उतरतात व त्यावर जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे तो शीतकपाटात ठेवूनही दोन-तीन दिवसांत संपवलेला बरा. ऊर्ध्वपातित पुष्पजल त्याहून जास्त टिकते, परंतु परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य, नसेल तर तेही कालांतराने बिघडतेच. पाणी गढूळ झाले, तळाशी पांढरट तंतू तरंगू लागले किंवा वास आंबूस झाला, तर पुन्हा उकळून वाचवण्याच्या फंदात न पडता ते ओतून द्यावे.

‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ हा तर्क तर मुळातच लंगडा आहे. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि लिनॅलूल हे फुलांतच असणारे सुगंधी घटक काहींना ॲलर्जी देतात. म्हणूनच युरोपीय संघात, त्वचेवर तसेच राहू द्यायच्या प्रसाधनात त्यांचे प्रमाण ०.००१ टक्क्याहून अधिक असल्यास वेष्टनावर त्यांची नावे छापावी लागतात. पुष्पजलात हे घटक तेलाच्या मानाने फारच कमी असतात आणि त्याचा सौम्यपणा त्यातूनच येतो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावून पाहावे. खाज किंवा लाली आली नाही, तरच चेहऱ्याकडे वळावे.

रंध्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती दारासारखी उघडत-मिटत नाहीत. ओलाव्याचे म्हणाल, तर नुसते पाणी काही मिनिटांत उडून जाते; चेहरा दमट असतानाच वर क्रीम लावले, तर ते पाणी त्वचेत काही काळ थोपवता येते.

डोळ्यांबाबत मात्र तडजोड नको. डोळ्यांत घालायचे द्रावण निर्जंतुक असावे लागते आणि स्वयंपाकघरात गाळलेले पाणी, कापड कितीही स्वच्छ असले तरी, तसे नसते.