मामा, जरा उठता का?

लातूरच्या आमच्या घरात एक बैठकीची खोली आहे. तिथं बसायला जागा म्हणजे दिवाणाचा एक कोपरा. बाकी खोलीत वस्तू बसलेल्या. यात आईचा दोष काढावा तर तिची कारणं पक्की आहेत. 1993 च्या सप्टेंबरात भूकंप झाला, गावाकडच्या माळवदाच्या घराची धान्य साठवायच्या बळदाची भिंत गेली, आणि पुढं कितीतरी रात्री सगळं घर अंगणात झोपलं. तेव्हापासून आई एकही वाकळ, म्हणजे गोधडी, टाकू देत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून कळशी, कॅन, झाकणाचा डबा, काहीच भंगारात जात नाही. भूकंप आणि दुष्काळ दोन्ही आमच्या बैठकीत राहायला आहेत. पाहुणे आले की आम्ही त्यांना दारातच विचारतो, "निवांत आहात का घाईत?"

यावर आमच्या हिनं, म्हणजे बायकोनं, तोडगा काढला. बसायची बाकडी करायची, पण आतून पेटी. झाकण उचललं की सामान आत, झाकण पाडलं की वर पाहुणे. सुताराला बोलावलं. त्यानं खोलीकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि दोन पेट्यांचे 22 हजार सांगितले.

"त्यात काय आहे एवढं? सहा फळ्यांचा तर डबा," मी म्हणालो. मी शाळेत गणित शिकवतो. ही गोष्ट या प्रकरणात लोकांनी मला वारंवार आठवून दिली.

कागदावर हिशेब सोपा होता. पेटी 5 फूट लांब, 18 इंच रुंद, 14 इंच उंच. वर 4 इंचांची गादी आली की खुर्चीइतकी उंची होते. सगळ्या फळ्यांचं क्षेत्रफळ 30 चौरस फुटांच्या किंचित वर. प्लायची शीट 8 बाय 4, म्हणजे 32. एका पेटीला एक शीट, वर थोडी शिल्लक. मी खुशीत दोन शीट विकत घेतल्या आणि कापणाऱ्याच्या हातात माझा कागद दिला.

त्यानं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग कानावरची पेन्सिल काढली. "सर, 5 फुटी फळ्या किती?"

"चार."

"8 फुटांत 5 फुटी एका रांगेत किती बसतात?"

"एक," मी म्हणालो. आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा आला.

"मग चारी फळ्यांच्या रुंद्या जोडा. 18, 18, 14, 14. झाले 64. आणि शीट 48 ची. क्षेत्रफळावर बसता येत नाही सर, फळीवर बसावं लागतंय."

मागं उभे असलेले दोन गिऱ्हाईक हसले. त्यातला एक माझ्या विद्यार्थ्याचा बाप होता, हे मला नंतर कळलं. त्याला मात्र आधीच कळलं होतं. शेवटी त्या कापणाऱ्यानंच सुचवलं, 4 फुटी करा. एका रांगेत दोन निघतात, एका शीटमध्ये पेटी होते, पाटापुरती पट्टीही उरते. करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर खातं, तेवढं सोडा म्हणाला. मी सोडून दिलं. त्या दिवशी एवढं सोडलं होतं की तीन मिलिमीटरचं काय घेऊन बसता!

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "4 फुटांवर कितीजण बसतील?"

"दोन."

"आणि उदगीरचे मामा आले तर?"

"एक मामा."

बिजागऱ्यांसाठी गंजगोलाईत, लातूरच्या गोल बाजारपेठेत, गेलो. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. लांब पट्टीची बिजागरी कुठं मिळंल म्हणून विचारलं की जो तो हात करून "सरळ जावा" म्हणतो. गोल जागेत सरळ जाणं काय असतं ते मी त्या दुपारी शिकलो. ताडपत्री, बांगड्या, दोरखंड आणि मसाले या क्रमानं बिजागरी मिळाली.

रविवारी शेजाऱ्याचं ड्रिल मशीन आणलं. आमच्याकडं माणूस खड्डा खणायला लागला की काठावर चौघं उभे राहून खड्ड्यापेक्षा खोल सल्ला देतात. इथंही जमले. आई दारात पाटावर बसली. "काय करायलास रे?"

"पेटी करायलोय."

"आमच्या बळदात बारा पोती ज्वारी मावायची. यात काय मावतंय?"

प्लायच्या कडेत स्क्रू थेट घुसवला की थर पापुद्र्यासारखे सुटतात. आधी बारीक भोक पाडून घ्यावं लागतं. हे मला चौथ्या स्क्रूला कळलं; पहिल्या तीन ठिकाणी फेविकॉल आणि श्रद्धा आहे. गुण्या लावून पाहिला तर एक कोपरा 90 अंशांचा नव्हता. तो कोपरा मी भिंतीकडं फिरवला.

पेटी उभी राहिली आणि डुलायला लागली. शहाबादी फरशी आमच्या आजोबांनी बसवली होती आणि ती तेव्हापासून आपल्या मनानं बसते आहे. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची घडी एका कोपऱ्याखाली सारली. मग झाकण. पेटी भिंतीला चिकटवून ठेवली होती, त्यामुळं झाकण जेमतेम उभं राहायचं, विचार करायचं आणि माझ्या बोटांवर पडायचं. दोन बोटं सुजल्यावर पेटी भिंतीपासून दोन बोटं पुढं ओढली. आत हवा खेळावी म्हणून मागून भोकं पाडली. आईनं कडुनिंबाचा वाळलेला पाला अंथरला. एका पेटीत सगळ्या वाकळा, दुसरीत कळशा आणि कॅन. वर गाद्या. सगळ्यात महाग त्या गाद्याच निघाल्या, पण सगळं मिळून 11,400 मध्ये झालं आणि मी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला आकडा सांगत होतो.

मार्गशीर्षात लग्नासाठी उदगीरचे मामा मुक्कामाला आले. पेट्या पाहिल्या, थापट्या मारल्या. "पोरा, हातात कला हाय तुझ्या." मग जेवले, आणि दोन्ही पेट्या जोडून 8 फुटांचा पलंग केला, आडवे झाले आणि घोरायला लागले. मामांना झोप लागली की लातूर स्टेशनची गाडी चुकली तरी चालते, पण मामांना उठवायचं नसतं. तशी आईचीच ताकीद आहे.

रात्री थंडी वाढली. लेकरांनी आमची एकुलती चादर ओढून नेली. मी आणि ही बसल्या बसल्या काकडत पेटीकडं पाहत होतो. सगळ्या घराची ऊब त्या झाकणाखाली, आणि झाकणावर मामा. आईच्या कॉटवर चवाळं होतं, पण ते तिनं स्वतःवर घेतलं होतं आणि ती जागी असून डोळे मिटून पडली होती.

पहाटे तीनच्या सुमाराला मामांचा आवाज आला. "आरं, लै गारठा हाय. एखादी वाकळ असंल तर दे की."

मी उठून जवळ गेलो. "मामा, जरा उठता का? वाकळ खाली आहे."

मामांनी अंधारात खाली हात लावून पाहिला, प्लायवर बोटं वाजवली आणि कूस बदलली.

"तू काढ," म्हणाले. "मी पाय वर घेतो."