घर बघायला जाण्याआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट वाचा

घर घ्यायचं ठरलं की माणसं कार्पेट एरिया मोजतात, पार्किंग बघतात, बिल्डरच्या जुन्या इमारतींत जाऊन तिथल्या रहिवाशांशी बोलतात. त्यात महिनेच्या महिने जातात. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपली कर्जं, कार्डं आणि हप्ते यांची नोंद, मात्र बँकेचा माणूस उघडतो तेव्हाच पहिल्यांदा दिसतो. तोवर घराच्या बुकिंगचं टोकन देऊन झालेलं असतं, करारनाम्याची तारीख ठरलेली असते आणि बिल्डरच्या ऑफिसातून रोज फोन येत असतात. हा क्रम बदलायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं. रिपोर्ट आधी, घर नंतर. आणि आधी म्हणजे निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर.

आपल्याकडे सगळं बोलणं या नोंदींवरून काढलेल्या आकड्याभोवती, म्हणजे स्कोअरभोवती फिरतं. "तुझा सिबिल किती?" एवढंच विचारलं जातं. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या वर गेलं की झालं, असं धरून चालतात. पण गृहकर्जासाठी अमुक इतका स्कोअर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं असतं. शिवाय गृहकर्ज वीस वर्षांचं. ते देणारा अधिकारी आकड्यावर थांबत नाही, खाली उतरून एकेक खातं वाचतो. तो जे वाचणार आहे ते तुम्ही त्याच्या आधी वाचलेलं असायला हवं.

भारतात असे रिपोर्ट आणि स्कोअर तयार करण्याचं काम चार कंपन्या करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१७ पासून आहे, तरीही कितीतरी लोक त्यासाठी पैसे मोजतात. आणखी एक भीती घट्ट बसली आहे, की आपणच रिपोर्ट काढला तर स्कोअर घसरतो. तसं होत नाही. कर्जाच्या अर्जासाठी बँकेने रिपोर्ट मागवला, तर ती चौकशी म्हणून नोंदली जाते. आपण आपला बघितला तर काहीही कमी होत नाही.

रिपोर्ट हातात आला की आकडा बाजूला ठेवा आणि खात्यांची यादी काढा. नाव, पॅन, जन्मतारीख बरोबर आहे ना? यादीत तुमचं नसलेलं एखादं कर्ज आहे का? फेडून टाकलेलं वाहनकर्ज अजून चालू दिसतंय का? कधीच न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी थकून त्यावर व्याज चढलंय का? मोबाईल किंवा फ्रिज हप्त्यांवर घेतला असेल, तर तेही कर्जच असतं आणि त्याचा चुकलेला एक हप्तासुद्धा इथे दिसतो. कुणाला जामीन राहिला असाल तर ते खातंही तुमच्या रिपोर्टमध्ये येतं, आणि त्याने हप्ते थकवले की डाग तुम्हालाही लागतो.

प्रत्येक खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. हप्ता किती दिवस उशिरा गेला, ते त्यात लिहिलेलं असतं. ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमध्ये सगळ्यात बोलकी जागा हीच. दोन वर्षांपूर्वी एखाद्या महिन्यात उशीर झाला आणि पुढे सगळे शून्य असतील, तर बँक समजून घेऊ शकते. अलीकडच्या सहा महिन्यांत उशीर असेल तर समजावणं फार कठीण. म्हणून तर मी वर्षभर आधी म्हणतो. मागचा इतिहास पुसता येत नाही, पण पुढचे बारा चौकोन स्वच्छ भरणं आपल्या हातात असतं.

आता सेटलमेंटबद्दल, कारण इथे मला खरंच राग येतो. थकलेल्या कार्डाच्या वसुलीचा माणूस फोन करतो : "साहेब, ८० हजारांचे ३० हजार भरा, विषय संपवून टाकू." घरात आजारपण असतं, नोकरी गेलेली असते, त्यामुळे माणूस हो म्हणतो आणि सुटलो असं समजतो. रिपोर्टमध्ये मात्र त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो. बँकेसाठी त्याचा अर्थ सरळ आहे : याने पूर्ण पैसे दिले नाहीत. तो शेरा वर्षानुवर्षं मागे राहतो, आणि फोनवर हे कुणीही सांगितलेलं नसतं. नाइलाज असेल तर सेटलमेंट करावी लागते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण परिणाम माहीत असताना निर्णय घेणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. असा शेरा आधीच पडलेला असेल, तर त्या बँकेशी लेखी बोला, उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवा, काही बाकी नसल्याचं पत्र (नो ड्यूज सर्टिफिकेट) घ्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवायला लावा. या सगळ्याला वेळ लागतो. टोकन दिल्यानंतर तो वेळ नसतो.

चूक बँकेची किंवा क्रेडिट कंपनीची असेल, तर तक्रार ऑनलाइन करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवणं बँकेला बंधनकारक आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२२ पासून क्रेडिट कंपन्यासुद्धा त्यांच्या कक्षेत आहेत. एवढं सगळं फुकट उपलब्ध असताना "पंधरा दिवसांत सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्यांना लोक हजारो रुपये देतात, वर आधार, पॅन आणि ओटीपीही देऊन बसतात. खरी नोंद कुणीही पुसून देऊ शकत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः दुरुस्त करून घेऊ शकता. मग त्या माणसाला पैसे कशाचे?

क्रेडिट कार्ड वापरत असाल तर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. एक लाखाच्या लिमिटवर दर महिन्याला नव्वद हजार वापरून वेळेवर पूर्ण बिल भरलं, तरी रिपोर्टमध्ये नव्वद हजार बाकी दिसू शकते. अशा वेळी बिल निघायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाका. बिलातली फक्त किमान रक्कम (मिनिमम ड्यू) भरत राहण्याची सवय तर आधी सोडा. उशीर दिसत नाही हे खरं, पण बाकी फुगत जाते. सगळ्यात जुनं कार्ड उत्साहाने बंद करू नका. जुना स्वच्छ इतिहास तुमच्या बाजूने बोलतो. जानेवारी २०२५ पासून बँकांना क्रेडिट कंपन्यांकडे निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बाकी कमी केल्याचा परिणाम आता पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

अर्जाच्या दिवसांत एजंटला "सगळीकडे फाइल टाक" असं सांगू नका. महिनाभरात सहा बँकांच्या चौकशा दिसल्या की सातवी बँक विचारात पडते. त्याच काळात नवीन गाडी किंवा वैयक्तिक कर्जही नको.

हे सगळं का करायचं, तर फक्त मंजुरीसाठी नाही. बऱ्याच बँका स्कोअरप्रमाणे व्याजदर वेगळा लावतात. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण ३४,७०० रुपये, नऊ टक्क्यांनी साधारण ३६,०००. अर्ध्या टक्क्याचा फरक पूर्ण मुदतीत तीन लाखांच्या वर जातो. मुलांच्या शिक्षणाचे पैसे आहेत हे.

आणि रिपोर्ट दोघांचेही काढा. नवरा-बायको मिळून कर्ज घेणार असतील, तर बँक दोघांचेही तपासते. बायकोच्या नावावरचं मायक्रोफायनान्सचं जुनं कर्ज, भावाच्या व्यवसायासाठी दिलेली तिची सही, हे सगळं नेमकं अर्जाच्या वेळी वर येतं आणि दोष तिच्यावर ढकलला जातो. सहा महिने आधी दोघांनी शेजारी बसून वाचलं, तर ही वेळ येत नाही. तिने कधीच कर्ज घेतलेलं नसेल आणि स्कोअरच नसेल, तर घाबरू नका. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे.

दुरुस्त्या झाल्या की ताजा रिपोर्ट काढून खात्री करा आणि आपल्या उत्पन्नावर किती कर्ज बसतं, याचं तत्त्वतः मंजुरीपत्र बँकेकडून घ्या. त्यानंतरच टोकनचा चेक लिहा, आणि गृहकर्ज मंजूर झालं नाही तर ही रक्कम परत मिळेल, हे वाक्य पावतीवर बिल्डरच्या सहीनिशी लिहून घ्या.