मुंबई ७०

आज दुपारी भाच्याचा फोन आला. "आत्या, नोकरीच्या फॉर्मवर तुझा ठाण्याचा पत्ता टाकू का? आपला टाकला की बोलवतच नाहीत." मी डबा उघडून बसले होते, पुढे जेवण गेलं नाही. हाच मुलगा दिवसभर कानात रॅप घालून फिरतो. आणि पत्ता मात्र आत्याचा!

खूप राग आला. आधी त्याचा, मग ते फॉर्म चाळत बसणाऱ्यांचा.

कारण हेच मी केलंय. २००६ साली, पहिल्याच इंटरव्ह्यूला. कुर्ल्याला बैलबाजारात आमची खोली, पण मी लिहिला मावशीचा मुलुंडचा पत्ता. समोरचे साहेब खूश. "अरे वा, आम्हीही मुलुंडचेच! स्टेशनवरून कुठली बस पकडता?" मला सांगताच येईना. फाईलचं रबर बोटाला गुंडाळत बसले, बोट पांढरं पडेपर्यंत. नोकरी गेली, ते सोडा. रात्री आईने विचारलं, "काय काय विचारलं गं?" मी म्हटलं, काही नाही.

मग २०१४ मध्ये आमच्याच कुर्ल्याचा रॅपर नेझी आला. आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, त्याच आयपॅडवर व्हिडिओ केला आणि यूट्यूबवर टाकला. आणि हा पोरगा 'बॉम्बे ७०' म्हणून मिरवतो! ४०० ०७०, आमचा पिनकोड! तिकडे अंधेरीचा रॅपर डिव्हाइन त्याचा ५९ मिरवतो. जो आकडा मी खोडून मुलुंडचा लिहिला होता, तो हा पोरगा छाती काढून सांगत होता. त्या दिवसापासून हे माझं संगीत आहे. कुणी काहीही म्हणो.

आणि म्हणतातच. सूर नाही, ताल नाही, नुसती बडबड. अहो, कवनाच्या शेवटी स्वतःचं नाव-गाव गुंफणारे शाहीर ऐकत वाढलात ना? ते चालतं, मग कुर्ल्याच्या पोराने गल्लीचं नाव घेतलं की कान का दुखतात? मराठीतही आहे हे. स्वदेसी या ग्रुपचा रॅपर एमसी मवाली ऐका. २०१९ मध्ये आरेतल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन त्यांनी वारल्यांच्या जमिनीवर गाणं केलं, ते ऐका, मग बोलू.

शिव्या असतात, मान्य. बायकांबद्दल काहीबाही बोलतात ते मलाही सहन होत नाही, तिथे मी गाणं बंद करते.

पण या संगीताची सुरुवातच एका पत्त्यावर झालीये. १५२०, सेजविक ॲव्हेन्यू, ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क. ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे हवे होते, म्हणून तिने बिल्डिंगच्याच हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातला लोकांना नाचवणारा ड्रमचा तुकडा दोन टर्नटेबलवर लांबवत न्यायची त्याची युक्ती, पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. पण मला आठवते ती सिंडी. कारण त्या इंटरव्ह्यूला मी जो निळा ड्रेस घातला होता, तो दादाने ओव्हरटाइमच्या पैशातून घेतला होता. तो ड्रेस घालून मी दादाचंच घर लपवलं.

आता लिहिता लिहिता राग उतरलाय. पोराला नोकरी हवीये, त्याने काय करायचं? मी आज ठाण्यात बसून त्याला पिनकोडचा अभिमान शिकवणं सोपं आहे.

संध्याकाळी परत फोन केला. म्हटलं, माझा पत्ता टाकायचा तर टाक, पण आधी ऐक. आणि मुलुंडची गोष्ट सांगितली, बसचा नंबर, रबर, सगळं. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "पप्पांना माहितीये?"

नाही रे.

दादा, तू रात्री जेवण झाल्यावर फेसबुक उघडतोस. तेव्हा वाचशील.