सहा महिन्यांनी अंगावरच्या दुधाचं पाणी होत नाही

घरोघरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधात ताकद उरत नाही, नुसतं पाणी असतं. म्हणून वजन वाढायचं थांबतं. गाईचं दूध आणि वरणाचं पाणी सुरू करा. नोकरीवर जायचं असेल तर अंगावरचं दूध सरळ सोडवा.

"दूध पातळ, निळसर दिसतं." पहिल्या महिन्यातही तसंच दिसत होतं. पाजायला घेतल्यावर आधी पातळ दूध येतं. स्तन रिकामा होत जातो तशी दुधातली चरबी वाढते. वाटीत पिळलेले चार थेंब बघून निकाल देणं म्हणजे सायीखालचं दूध बघून म्हशीला नापास करणं. सातव्या महिन्यातही त्यात 100 मिलिलिटरमागे साधारण 65 ते 70 कॅलरी असतात.

"वजन थांबतं." गैरसमजाचं मूळ इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्याचं मध्यक वजन (निम्मी बाळं याहून कमी, निम्मी जास्त) जन्मतः 3.3 किलो, तिसऱ्या महिन्याअखेर 6.4, सहाव्याला 7.9 आणि वर्षाला 9.6. म्हणजे सुरुवातीला महिन्याला किलोभर वाढणारं बाळ सहा महिन्यांनंतर महिन्याला सरासरी 300 ग्रॅमसुद्धा वाढत नाही, आणि ते ठीकच आहे. मुलींचं सहाव्याला 7.3, वर्षाला 8.9. सलग दोन-तीन वजनांत आलेख आडवा झाला किंवा खालच्या रेषेकडे घसरला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. घाबरून वरचं दूध सुरू केलं की बाळ अंगावर कमी ओढतं, स्तन भरलेले राहतात, दूध तयार होणं मंदावतं. मग मेसेज खरा वाटू लागतो.

मेसेजमध्ये खरं एवढंच की सहा महिन्यांनंतर दूध एकटं पुरत नाही. कारण लोह. दुधात ते लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही नसतं, पहिल्या दिवसापासूनच. बाळ जन्मताना घेऊन आलेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. गाईच्या दुधातही लोह नगण्य, शिवाय त्याने लहान बाळाच्या आतड्यातून न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून नको.

वरणाचं पाणी म्हणजे पोट भरणारं पाणी. वरणातली डाळच द्या: घोटून, तूप घालून, चमचा तिरका केला तरी न ओघळेल इतकी घट्ट. सुरुवात दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा; मग हळूहळू 250 मिलिलिटरची अर्धी वाटी, नवव्या महिन्यानंतर अर्धी ते पाऊण, तीन-चार वेळा. मऊ भात-वरण, नाचणी, शिजवलेलं अंडं, चालत असेल तर मटणाचा खिमा. मध वर्षापर्यंत अजिबात नको. सरकारी कार्यक्रमातलं लोहाचं सिरप आशाताईंकडे मिळतं: 1 मिलिलिटर, आठवड्यातून दोनदा.

राहिली नोकरी. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवडे, आणि बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोनदा मधली सुट्टी कायद्यात आहे. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं. एप्रिल-मेमध्ये लगेच फ्रिजमध्ये, दारात नव्हे, आत मागे. वापरताना डबी कोमट पाण्यात धरा, गॅसवर उकळू नका. फ्रिजमध्ये त्याचे दोन थर होतात, हलकेच फिरवलं की मिसळतात. वरचा थर सायीचा. मेसेजवाल्यांना तेवढा दाखवा.